मातृपद आणि मातृकर्म : तंजावरच्या मराठी राजवटीतील तीन साक्षी

१. प्रश्नाची मांडणी

स्त्रीवादी विचारात मातृत्वाचा प्रश्न आरंभापासून अवघड ठरलेला आहे. सिमोन द बोव्हार यांनी १९४९ मध्ये ‘द सेकंड सेक्स’ या ग्रंथात मातृत्वाची तपासणी मुख्यतः स्त्रीच्या पारतंत्र्याच्या संदर्भात केली. ॲड्रिएन रिच यांनी १९७६ च्या ‘ऑफ वुमन बॉर्न’ मध्ये मातृत्वाचा अनुभव आणि मातृत्वाची संस्था यांत भेद केला व स्त्रीला जखडते ती संस्था, अनुभव नव्हे, असे प्रतिपादन केले. सारा रडिक यांनी १९८९ मध्ये ‘मॅटर्नल थिंकिंग’ या ग्रंथात मूल जगवणे, वाढवणे आणि समाजात वावरण्यास योग्य करणे हे एक काम आहे, त्या कामातून एक विशिष्ट विचारपद्धती घडते आणि ते काम पुरुषही करू शकतो, अशी मांडणी केली. या तिन्ही भूमिकांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘आई’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. एक म्हणजे कुळाने, धर्माने वा राज्याने बहाल केलेले स्थान. त्यास येथे ‘मातृपद’ म्हटले आहे. दुसरी म्हणजे दूध पाजणे, तेल लावणे, भरवणे, जागरण करणे, औषध देणे ही रोजची कष्टाची कामे. त्यांस ‘मातृकर्म’ म्हटले आहे.

हा भेद पाश्चात्त्य विचारातून आयात झाला असे समजण्याचे कारण नाही. तो भारतीय साहित्यात आणि दस्तऐवजांत आधीच सापडतो. त्याच्या अभ्यासासाठी तंजावरचे मराठी राज्य हे विशेष सोयीचे क्षेत्र आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजींनी स्थापन केलेले आणि १८५५ पर्यंत टिकलेले हे राज्य मराठी, तमिळ, तेलुगू व संस्कृत या चार भाषांत एकाच वेळी लिहीत होते. एकाच दरबाराच्या छायेत, शंभरएक वर्षांच्या अवधीत, स्त्रीच्या दैनंदिन जीवनाविषयी तीन अगदी भिन्न लेखने निर्माण झाली. त्यांपैकी एक संस्कृत धर्मनिबंध आहे, दुसरे तेलुगू शृंगारकाव्य आहे आणि तिसरे राजाने कंपनीच्या अधिकाऱ्यास लिहिलेले पत्र आहे. प्रस्तुत लेखात या तीन साक्षी शेजारी ठेवून मातृपद आणि मातृकर्म यांचे नाते तपासावयाचे आहे.

२. त्र्यंबकाची दिनचर्या

अठराव्या शतकात तंजावर येथे त्र्यंबकयज्वन् याने ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा ग्रंथ रचला. ज्युलिया लेस्ली यांनी १९८९ मध्ये ‘द परफेक्ट वाइफ’ या नावाने त्याचे विस्तृत विवेचन प्रसिद्ध केल्यापासून स्त्रीअभ्यासाच्या क्षेत्रात त्याचा उल्लेख वारंवार होतो. हा ग्रंथ केवळ स्त्रियांच्या कर्तव्यांना वाहिलेला आहे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याची रचना स्त्रीच्या दिवसाप्रमाणे केलेली आहे. पतीच्या आधी उठणे, देवतांचे स्मरण, धान्य कांडणे-निवडणे, केर काढणे, शेणाने सारवणे, उंबरठ्याची पूजा, गाईची धार. मग वडीलधाऱ्यांना वंदन, अग्निसेवा, अतिथींचे आदरातिथ्य, वाढप आणि शेवटी शय्या, असा तो क्रम आहे. पुढे स्त्रीस्वभाव, रजस्वलेचे व गर्भिणीचे नियम, पती प्रवासात असलेल्या स्त्रीचे आचार, सहगमन आणि विधवाधर्म ही प्रकरणे येतात. पतिशुश्रूषा हाच स्त्रीचा मुख्य धर्म, हा या साऱ्या विवेचनाचा गाभा आहे.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने या रचनेतील एक गोष्ट बोलकी आहे. येथे स्त्रीचा दिवस अग्नी आणि पती या दोन केंद्रांभोवती आखलेला आहे. गर्भिणीला स्वतंत्र नियम आहेत. कारण गर्भ ही कुळाची ठेव आहे आणि ती सांभाळणे हा धर्माचा विषय आहे. परंतु तान्ह्या मुलाच्या आईचा दिवस, तिची मोडलेली झोप, मुलाला पाजून मग अग्नीकडे धावणारी तिची ओढाताण, यांना दिनचर्येच्या विभागांत वेगळी जागा मिळालेली नाही. धर्मशास्त्राला मातेचे माहात्म्य अमान्य आहे असा याचा अर्थ नव्हे. स्मृतिग्रंथांत मातेचा गौरव विपुल आहे. परंतु गौरव होतो तो मातृपदाचा. मातृकर्म हे शास्त्राच्या लेखी इतके गृहीत आहे की त्याची नोंद करण्याची गरजच भासत नाही.

ग्रंथातील पहाटेचा प्रहर या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. त्र्यंबकाने स्त्रीच्या हाती धान्य दिले तो प्रहर आणि मराठी मुलखातील जात्यावरच्या ओवीचा प्रहर एकच आहे. एकाच वेळेला, एकाच कामाला जडलेली ही दोन वाङ्मये. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेडोपाडी संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्या भांडारात आई, लेक, माहेर आणि बाळंतपण हे विषय पुनःपुन्हा येतात. शास्त्रकाराच्या दिनचर्येत काम आहे, पण काम करणारीचा शब्द नाही. ओवीत कामाबरोबर शब्दही आहे आणि त्या शब्दाचा फार मोठा भाग मातृकर्माने व्यापलेला आहे. शास्त्राने ज्याची नोंद घेतली नाही त्याची नोंद स्त्रियांनी स्वतः, त्याच वेळी, जात्याच्या घरघरीत करून ठेवली, असे म्हणता येईल.

३. मुद्दुपळनीची राधा

दुसरी साक्ष प्रतापसिंहाच्या कारकिर्दीतील आहे. या राजाचा काळ १७३९ ते १७६३. त्याच्या दरबारातील गणिका मुद्दुपळनी हिने तेलुगूत ‘राधिकासांत्वनमु’ हे काव्य रचले. या काव्याच्या इतिहासात दोन वाद गुंफलेले आहेत. एक नीतीचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुधारक कंदुकूरि वीरेशलिंगम् यांनी स्त्रीच्या तोंडी असा शृंगार शोभत नाही, या भूमिकेतून या काव्याचा व कवयित्रीचा निषेध केला. दुसरा वाद प्रकाशनाचा. बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० मध्ये या काव्याची मूळ पाठानुसार आवृत्ती काढली, सरकारने ती जप्त केली आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, टी. प्रकाशम् यांच्या मद्रास मंत्रिमंडळाच्या काळात, ही बंदी उठली. याच नागरत्नम्मांनी तंजावरजवळील तिरुवैयारु येथे त्यागराजांच्या समाधीचे मंदिर उभारले आणि तेथील उत्सवात गाण्याचा स्त्रियांचा हक्क मिळवण्यासाठी झगडा दिला.

या काव्याची चर्चा बहुधा शृंगाराच्या अंगाने होते. त्यातील मातृकर्माचा धागा मात्र दुर्लक्षित राहिलेला दिसतो. या कथेत राधेने इळा नावाच्या मुलीला लहानपणापासून वाढवलेले आहे. ती वयात आल्यावर राधा स्वतःच तिचा विवाह कृष्णाशी लावून देते, तिला शृंगाराचे शिक्षण देते आणि त्यानंतर, कृष्ण इळेत रमलेला पाहून, विरहाने व मत्सराने होरपळते. अखेर कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. ‘सांत्वन’ या नावाचा अर्थ तोच.

म्हणजे या काव्यातील नायिका एकाच वेळी पालनकर्ती आहे आणि प्रणयिनीही. तिने मूल जन्माला घातलेले नाही. वाढवलेले मात्र आहे. तिला मातृपद नाही, पण मातृकर्म तिने पार पाडले आहे. आणि ते केल्यामुळे तिची स्वतःची इच्छा विझलेली नाही. त्र्यंबकाच्या ग्रंथात स्त्रीदेहाची इच्छा नियमांनी बांधली जाते. मुद्दुपळनीची राधा वाढवलेल्या मुलीला निरोप देते आणि तरीही आपल्या हक्काचे सुख मागते. आईने मुलांसाठी सर्वस्वाचा त्याग करावा, ही अपेक्षा आधुनिक मराठी साहित्यातही दीर्घकाळ टिकून राहिली. त्या पार्श्वभूमीवर अठराव्या शतकातील ही मांडणी किती धाडसी होती, हे ध्यानात येते. अर्थात या धाडसाला एक सामाजिक आधार होता. गणिकांच्या घरांत वारसा बहुधा स्त्रियांकडून स्त्रियांकडे जात असे आणि मुद्दुपळनीही आपल्या काव्यवारशाचा उल्लेख करताना आजीचे नाव घेते. कुलवधूला न मिळालेले शब्दस्वातंत्र्य गणिकेला मिळाले. त्याची किंमत म्हणून कुलीनतेचे छत्र तिच्या वाट्याला आले नाही.

४. छत्रातील तीन महिने

तिसरी साक्ष साहित्याच्या रूढ व्याख्येत बसणारी नाही. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि मर्यादित अधिकार राहिले. या परिस्थितीत सरफोजींनी १८०१ च्या जानेवारीत ब्रिटिश रेसिडेंटास एक पत्र लिहून राज्यातील छत्रांची व्यवस्था पूर्ववत चालू राहावी, अशी मागणी केली. हे पत्र धरमपाल यांच्या लेखनामुळे शिक्षणाच्या इतिहासकारांना परिचित आहे. स्त्रीअभ्यासाच्या दृष्टीने मात्र त्याचे वाचन फारसे झालेले नाही.

छत्र म्हणजे यात्रेकरू व वाटसरू यांच्यासाठीची धर्मशाळा, अन्नछत्र आणि पाठशाळा यांचा संयोग. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर अशी छत्रे होती. सरफोजींच्या पत्रात तेथील व्यवहाराचे जे तपशील येतात, त्यांत मातृकर्माची जवळजवळ संपूर्ण यादीच सापडते. तान्ह्या मुलांना दूध दिले जाते. गर्भवती स्त्रियांची हळुवारपणे काळजी घेतली जाते. त्या छत्रातच बाळंत झाल्यास खर्च छत्र सोसते, योग्य ती औषधे दिली जातात आणि बाळंतपणानंतर तीन महिने तेथे राहण्याची मुभा असते. परक्या वाटसरूंची पोरकी झालेली मुले पंतोजींच्या स्वाधीन केली जातात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळते, दर चार दिवसांनी एकदा तेल लावले जाते, औषध व कपडे दिले जातात, आवडीच्या विद्येचे शिक्षण दिले जाते आणि शिक्षण पुरे झाल्यावर लग्नाचा खर्चही केला जातो.

या तपशिलांतील तेलाचा उल्लेख विशेष बोलका आहे. मराठी घरात मुलाला तेल लावून न्हाऊ घालणे हे आईचे, आजीचे वा सुईणीचे काम. मायेच्या वर्णनात ते हमखास येते. छत्रात मात्र हेच काम पंतोजींच्या देखरेखीखाली, ठरलेल्या दिवशी, छत्राच्या खर्चाने होते. येथे मातृकर्म मातृपदापासून सुटे होऊन एका संस्थेची जबाबदारी बनते. जे काम केवळ आईच करू शकते असे मानले जाते, त्याचा मोठा भाग वेळ, पैसा आणि माणसे उपलब्ध असतील तर कोणीही करू शकतो, ही गोष्ट या पत्राने सिद्धान्त म्हणून मांडलेली नाही. जमाखर्चाच्या बाबी म्हणून नोंदवली आहे. रडिक यांच्या विधानाला इतका प्रत्यक्ष पूर्वाधार क्वचितच आढळेल.

अर्थात हे पत्र एक अर्ज आहे आणि अर्जदार आपली बाजू उजळ करून मांडणारच. प्रत्येक छत्रात, प्रत्येक वर्षी, प्रत्येक जातीच्या बाळंतिणीला हे सारे समान मिळत होते काय, हा प्रश्न केवळ या पत्राच्या आधारे सुटणार नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. ही व्यवस्था दानधर्माची होती, हक्काची नव्हती. बाळंतिणीला तीन महिने मिळत ते राजाच्या पुण्यासाठी. तरीही एक राजा आपल्या पुण्याचा हिशेब देताना देवळे आणि वेदपाठ यांच्या जोडीने बाळंतिणीचे औषध व तान्ह्याचे दूध यांचा उल्लेख करणे आवश्यक समजतो, ही गोष्ट त्या काळाच्या नैतिक कल्पनेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

५. ‘बाई’ची ‘अंबा’ होते तेव्हा

तंजावरच्या छत्रांची नावेही अभ्यासनीय आहेत. नीडामंगलम् येथील छत्र यमुनांबेच्या नावाचे आहे, ओरथनाडू येथील मुक्तांबेच्या. मुक्तांबा ही सरफोजींची प्रेयसी. विवाहित राणी नव्हे. मराठी मुलखातील ‘बाई’ हा आदराचा प्रत्यय दक्षिणेत ‘अंबा’ किंवा ‘अम्माळ’ झाला. व्यंकोजींची पत्नी दीपाबाई संस्कृत लेखनात दीपांबा होते. ‘बाई’ म्हणजे मान्य स्त्री. ‘अंबा’ म्हणजे माता. मद्रास हायकोर्टाच्या १८६८ च्या एका खटल्यात तर वादी राणीचे नाव ‘जिजोईअंबा बाईसाहेब’ असे, दोन्ही प्रत्यय एकत्र घेऊन येते. मूल झाले असो वा नसो, तमिळ मुलखातील उच्चपदस्थ मराठी स्त्रीला मातृवाचक नाव मिळे. मातृपद हे जन्मदानापासून किती सहज वेगळे करता येते, याचा हा भाषिक पुरावा होय.

परंतु राज्याच्या वारशाचा प्रश्न आला की हे उदार मातृपद एकाएकी संकुचित होई. दुसरे सरफोजी हे स्वतः १७८७ मध्ये तुळजाजींनी दत्तक घेतलेले पुत्र. त्यांच्या कारकिर्दीतच, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. वंश ही तेथे पुरुषांची मालिका आहे. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निधन पावले, तेव्हा मागे राण्या आणि कन्या होत्या, पुत्र नव्हता. कंपनीने राज्य खालसा केले आणि खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी न्याय मागितला. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे सरकारचे राज्यकृत्य असल्याने न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत केली. नावात ‘अंबा’ असलेल्या या स्त्रियांना पुत्र नसल्यामुळे राज्य गमवावे लागले आणि चरितार्थासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

६. सुरत आणि पुणे

तंजावरच्या छत्राचे मोल पुरते कळण्यासाठी त्याच शतकातील पश्चिम भारताकडे वळणे आवश्यक आहे. १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. स्त्रीच्या माथी मारल्या जाणाऱ्या दोषांत पुरुषाचा वाटा किती, हा त्यांचा सवाल होता. नागरत्नम्मांनी मुद्दुपळनीला जसे पुन्हा वाचकांसमोर आणले, तसेच ताराबाईंचे पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले.

विजयालक्ष्मीने मूल जन्माला घातले होते. परंतु विधवा असल्यामुळे मातृपद तिला नाकारलेले होते आणि मातृकर्म करण्याची वाट बंद होती. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह नेमके या ठिकाणी उभे राहते. विधवेने तेथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, असे त्यांचे आवाहन होते. तेथे बाळंत झालेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तंजावरच्या घराण्यात दत्तक होता तो गादीसाठी. फुल्यांच्या घरात मुलासाठी. सावित्रीबाईंनी जन्म न देता मूल वाढवले आणि मातृपद त्या कर्मातून आले. छत्र आणि गृह यांत साम्य आहे ते निवारा, औषध व वेळ यांचे. फरक आहे तो दृष्टीचा. छत्राने वाटेवरच्या गर्भवतीला दयेने आसरा दिला. फुल्यांच्या गृहाने समाजाने दोषी ठरवलेल्या स्त्रीला तिचा हक्क म्हणून आसरा दिला.

७. समारोप

स्वतंत्र भारतात १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला बारा आठवड्यांची सवेतन रजा दिली. ओरथनाडूच्या वाटेवरील त्या तीन महिन्यांशी ही मुदत जवळजवळ जुळते. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली. परंतु शेतात, विटभट्टीवर वा घरकामात राबणारी बहुसंख्य स्त्री या कायद्याच्या बाहेरच आहे. तमिळनाडू शासनाची गरीब बाळंतिणींसाठीची साहाय्ययोजना डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालते. तंजावरशेजारच्या पुदुक्कोट्टै येथे १८८६ मध्ये जन्मलेल्या या डॉक्टर देवदासी समाजातील आईच्या कन्या होत्या आणि देवदासी प्रथेच्या निर्मूलनासाठी त्यांनी विधिमंडळात लढा दिला. मुद्दुपळनीच्या परंपरेचा नागरत्नम्मांनी अभिमान बाळगला. मुत्तुलक्ष्मींनी त्या परंपरेतील स्त्रीचे शोषण पाहिले. स्त्रीवादी अभ्यासाला या दोहोंपैकी एकीचीच निवड करून चालणार नाही.

या तीन साक्षींवरून निघणारा निष्कर्ष असा की मातृत्वाचा गौरव आणि मातृकर्माची कदर या एकाच दिशेने जाणाऱ्या गोष्टी नव्हेत. जेथे मातृपदाचा गौरव सर्वाधिक, तेथे मातृकर्म अदृश्य राहू शकते; आणि जेथे मातृकर्माची नोंद होते, तेथे ती अनेकदा काव्यात वा शास्त्रात नसून खर्चाच्या यादीत असते. म्हणून दैनंदिन जीवनातील मातृत्वाचा शोध घेणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने साहित्यकृतींच्या बरोबरीने दस्तऐवजही वाचले पाहिजेत. तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी कागदपत्रांचे काही अंशी तमिळ भाषांतर तेथील तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे. त्या कागदांत छत्रांच्या दूध, तेल आणि औषध यांच्या नोंदींचा शोध घेणे, त्या कोणत्या स्त्रियांच्या, कोणत्या जातींच्या, कोणत्या ऋतूंतल्या आहेत हे पाहणे आणि त्या जात्यावरच्या ओवीशेजारी ठेवून वाचणे, हे काम मोडी, तमिळ आणि मराठी या तिन्हींची जाण असलेल्या अभ्यासकांच्या पुढच्या पिढीने हाती घ्यावे असे आहे.